फोटो ‘ढगात’ टाकले म्हणजे सुरक्षित झाले का? १५ जीबीत आमच्या गटाचं काय झालं ते वाचा

तेलगाव (ता. धारूर) : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात उभं होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एक काम मात्र नेमानं केलं. गुडघाभर पाण्यात उतरून फोटो काढले. बांधावरून काढले, विहिरीच्या कठड्यावर चढून काढले, व्हिडिओ काढले. पंचनाम्याला माणूस कधी येईल याचा नेम नव्हता आणि तोपर्यंत पाणी ओसरलं तर दाखवायचं काय, ही धास्ती होती.

आमचा अकरा जणांचा शेतकरी गट आहे. गटाचं एक जीमेल खातं आहे, त्याच्या गूगल ड्राईव्हवर सगळ्यांचे सातबारे, बियाण्याच्या पावत्या आणि हे नुकसानीचे फोटो टाकलेले. “आता मोबाईल विहिरीत पडला तरी चिंता नाही,” असं मीच बैठकीत छाती फुगवून सांगितलं होतं.

पुढं डिसेंबरात गटातल्या एका काकांच्या ध्यानात आलं की नुकसानीच्या यादीत त्यांचे दोनपैकी एकच गट नंबर आहे. दुसऱ्यासाठी अर्ज द्यायचा ठरलं, सोबत फोटो जोडू म्हणालो. ड्राईव्ह उघडला तर फोटोचं फोल्डरच गायब.

काकांच्या मोबाईलमध्ये ते फोटो नव्हते. “ड्राईव्हवर आहेत की” म्हणून त्यांनी जागा करायला दिवाळीतच पुसून टाकले होते. मीच तसं सांगितलं होतं. त्या दिवशी तोंड लपवायला जागा नव्हती.

काय झालं होतं ते नीट शोधलं तेव्हा कळलं की चूक ना मोबाईलची होती ना कंपनीची. हा ‘क्लाऊड’ म्हणजे काय, त्याच्या हद्दी कुठवर, हेच आम्हाला माहीत नव्हतं. गावात प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि बहुतेकांची हीच गत आहे, म्हणून हा लेख.

आधी ढगाचं बघू. क्लाऊड म्हणजे ढग, पण वर काही नसतं. दूर कुठंतरी मोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर लावलेले असतात, त्यातल्या डिस्कवर तुमची फाईल ठेवली जाते आणि इंटरनेटवरून तुम्हाला दिसते. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. आपण कारखान्याच्या गोडाऊनला साखर ठेवावी तसं. आपली चूक अशी होते की गोडाऊनला ठेवलेलं पोतं आपण घरात असल्यागत मोजतो. गोडाऊनला जागेची हद्द असते, रस्ता असतो, चावी असते, नियम असतात. यातलं एक जरी अडलं तरी पोतं असून नसल्यासारखं.

जागा १५ जीबी, वाटेकरी चार

गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते. ही जागा ड्राईव्हला वेगळी, फोटोला वेगळी, मेलला वेगळी अशी नाही. एकच शेत, वाटेकरी तीन : जीमेल, ड्राईव्ह आणि गूगल फोटो. पूर्वी फोटो थोडे बारीक करून ठेवले तर ते मोजत नव्हते. १ जून २०२१ पासून तेही मोजायला लागले. त्याआधीचे तसे ठेवलेले फोटो अजूनही मोजत नाहीत, ही एक सवलत.

चौथा वाटेकरी नंतर आला, तो व्हॉट्सअॅप. अँड्रॉइड मोबाईलवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगल खात्यातच जातो. आधी तो हिशोबात धरत नव्हते. २०२३ च्या शेवटाला जाहीर झालं आणि २०२४ मध्ये हळूहळू सगळ्यांचा बॅकअप त्याच १५ जीबीत मोजायला सुरुवात झाली. आपल्याकडं एकेक माणूस वीस-पंचवीस ग्रुपमध्ये. सकाळचे सुप्रभात, हळदीचे व्हिडिओ, कीर्तनाच्या क्लिपा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, सगळं त्या बॅकअपमध्ये.

आता हिशोब करा. साध्या मोबाईलचा एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा असतो. १५ जीबीत असे पावणेचार हजार फोटो मावतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जातो, म्हणजे १५ जीबीत फक्त अडीच तासांचा व्हिडिओ. एका लग्नात संपेल.

आमच्या खात्यात हेच घडलं. गटातल्या एका आण्णांच्या पोरानं नवा मोबाईल घेतला. त्याला गटाच्या खात्याचा पासवर्ड माहीत होता, त्यानं तेच खातं आपल्या मोबाईलला लावलं आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप त्यावर सुरू झाला. आठ जीबी. पोरगं चांगलं आहे, मुद्दाम काही केलं नाही. मोबाईलनं विचारलं, यानं ‘ओके’ दाबलं, आपण सगळे तेच करतो.

खातं भरलं. खातं भरलं की फक्त नवी फाईल चढत नाही एवढंच नाही, जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. बँकेचा मेल, पोर्टलचा मेल, काहीच येत नाही आणि आपल्याला कळतही नाही. आमच्या गटाला दोन महिने एकही मेल नव्हता, आम्हाला वाटलं कुणाचं काम पडलं नसेल.

मग त्याच पोराला ‘स्टोरेज फुल’ असं दिसलं. मदत म्हणून तो साफसफाई करायला बसला. इथं एक गोम आहे. व्हॉट्सअॅपचा बॅकअप ड्राईव्हच्या फाईलींच्या यादीत दिसतच नाही. तो स्टोरेजमध्ये जाऊन ‘बॅकअप’ म्हणून वेगळा बघावा लागतो. त्याला यादीत सगळ्यात मोठं दिसलं ते आमचं नुकसानीच्या फोटोचं फोल्डर, चार जीबीचं. त्यानं ते उडवलं.

आणि तरी जागा मोकळी झाली नाही! कारण उडवलेली फाईल आधी कचरापेटीत जाते आणि कचरापेटीतला मालही १५ जीबीत मोजला जातो. पोरानं दोन-तीनदा बघितलं, भरलेलंच दिसलं, कंटाळून सोडून दिलं. त्यानं कंटाळा केला म्हणून आम्ही वाचलो. कचरापेटी रिकामी केली असती तर विषयच संपला होता.

ड्राईव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते, नंतर आपोआप कायमची जाते. आम्ही उघडलं तो तेविसावा दिवस होता. फोल्डर मिळालं. आठवडाभर उशीर झाला असता तर काकांच्या दुसऱ्या गट नंबरचं काय दाखवणार होतो, देव जाणे.

व्हॉट्सअॅपवर पाठवले होते की!

त्या दिवशी सगळ्यात आधी हेच सुचलं होतं, की ग्रुपवर टाकले होते ना फोटो, तिथून घेऊ. घेतलेही. पण त्यात दोन अडचणी निघाल्या. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना दाबून बारीक करतं. चार एमबीचा फोटो तीनशे-चारशे केबीचा होऊन जातो. पाण्यातलं सोयाबीन हिरवट चिखलासारखं दिसतं.

दुसरी अडचण मोठी. मोबाईलनं फोटो काढला की फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहिली जाते. वरून दिसत नाही, पण फाईलमध्ये असते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. मग तो फोटो तुमच्याच वावरातला आणि त्याच दिवसाचा आहे, हे फाईल सांगू शकत नाही. पुरावा म्हणून ठेवायचा फोटो पाठवायचाच असेल तर पिनच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग तो जसाच्या तसा, माहितीसकट जातो. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, गावातल्या अकरावीच्या पोरींना आधीच माहीत होतं.

रस्ता अरुंद आहे

जागेनंतर रस्ता. मोबाईलवर सिनेमा धडाधड चालतो, मग फोटो चढायला एवढा वेळ का? कारण खाली येणारा रस्ता रुंद आणि वर जाणारा अरुंद असतो. टॉवरचा आवाज मोठा, आपल्या मोबाईलचा बारीक. शिवाय नेटवर्कची आखणीच अशी असते की लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी.

आणखी एक फसगत आकड्यांची. स्पीड ‘एमबीपीएस’मध्ये सांगतात आणि फाईल ‘एमबी’मध्ये असते. दोन्ही एकच वाटतात, पण आठपटीचा फरक आहे. वर जायचा स्पीड २ एमबीपीएस असेल तर सेकंदाला फक्त पाव एमबी जातं. चार एमबीच्या फोटोला १६ सेकंद, शंभर एमबीच्या व्हिडिओला साडेसहा-सात मिनिटं, एक जीबीला तासाहून जास्त. तेही स्पीड टिकला तर. आमच्याकडं संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव मोबाईलवर असतं, तेव्हा दोन कुठला, अर्धा मिळाला तरी नशीब. मोठी फाईल चढवायची तर पहाटे पाणी द्यायला जाता तेव्हा लावा. चढवलेला डेटाही रोजच्या दीड जीबीतच मोजला जातो, हेही ध्यानात असू द्या.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीत नाही ती सांगतो. गूगल फोटोचा बॅकअप आपण चालू केलेला असतो, पण तो ‘फक्त वायफायवर’ असा लावलेला असतो. शहरात घरोघरी वायफाय आहे, त्यांचं होतं. आपल्याकडं वायफाय कुठंय? म्हणजे बॅकअप चालू दिसतो आणि वर्ष-वर्ष एक फोटो चढत नाही. माणूस निर्धास्त, आणि एक दिवस मोबाईल मोटारीच्या खड्ड्यात पडतो. गूगल फोटो उघडा, वर आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, तिथं बॅकअप झालाय की थांबलाय ते लिहिलेलं असतं. सेटिंगमध्ये मोबाईल डेटा वापरायची परवानगी देता येते, रोज किती एमबी वापरायचा तेही ठरवता येतं. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो मात्र त्यात आपोआप जात नाहीत, त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो न केलेलाच बरा, असं माझं मत.

आणि बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोमधूनच पुसला तर तो मोबाईलमधूनही जातो आणि वरूनही. पुष्कळजण मोबाईलची जागा करायला असंच पुसतात आणि म्हणतात, वर आहेत की! वर राहात नाहीत. खाली फांदी तोडली की वरची सावली जाते, तसं. मोबाईल मोकळा करायचा असेल तर ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे, तो फक्त मोबाईलमधली प्रत काढतो. चुकून पुसलेला बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस असतो.

थोडक्यात दोन ठिकाणी दिसणारी एकच वस्तू म्हणजे दोन प्रती नव्हेत. आमच्या हिशोबाच्या फाईलचंही असंच. दोघांनी आपापल्या मोबाईलमध्ये एक्सेल उतरवून दुरुस्त केली आणि दोघांनी परत चढवली. ड्राईव्ह एकाच नावाच्या दोन फाईली शेजारी-शेजारी ठेवतो, तक्रार करत नाही. खताचे पैसे एकीत भरलेले, दुसरीत बाकी. भांडण व्हायचं राहिलं.

चावी कुणाकडं?

आपल्याकडचा खरा घोळ इथं आहे. कितीतरी लोकांचं जीमेल खातं ऑनलाईन सेंटरवाल्यानं काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याच्या वहीत, नंबरही कधी कधी त्याचाच. फॉर्म भरण्यापुरतं चालतं. पण त्याच खात्यावर आयुष्याची कागदं ठेवली तर चावी दुसऱ्याच्या खिशात राहिली.

नंबर स्वतःचा असला तरी तो टिकला पाहिजे. आपल्या धारूर, वडवणी, केज भागातून दरसाल हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगंमागं निघायचं, उन्हाळ्यात परत यायचं. घरी दोन सिम असतील तर एकाचंच रिचार्ज होतं, दुसरं तसंच पडतं. ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकतं, शिल्लक २० रुपये असतील तर थोडी मुदत वाढते. बंद झालेला नंबर पुढं काही काळानं दुसऱ्या माणसाला मिळतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर. तुमची कागदं वर व्यवस्थित आहेत, फक्त तुम्हालाच उघडता येत नाहीत. तोडीला जाताना बाकी काही नाही तरी आधार आणि जीमेल ज्या नंबरला जोडलंय त्या सिमकडं लक्ष ठेवा. खात्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबरही परत मिळवण्यासाठी टाकून ठेवा.

वापरच नसलेल्या खात्याचंही तसंच. दोन वर्षं ज्या गूगल खात्याला कुणी हात लावला नाही ते खातं कंपनी पुसू शकते, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. भरून वाहणारं खातं दोन वर्षं तसंच सोडलं तरी आतला माल पुसला जाऊ शकतो. वडिलांच्या जुन्या मोबाईलच्या खात्यावर घरातले फोटो असतील तर ते खातं एकदा उघडून बघा.

आता कुणी म्हणेल, मग डिजिलॉकर वापरा. वापराच. १ जुलै २०१५ ला सुरू झालेली ही सरकारी सोय आहे. पण तिथंही दोन खण आहेत, ते ओळखा. ज्या खात्यानं कागद दिला त्याच्याकडूनच थेट आलेला कागद, जसं की आधार, वाहन परवाना किंवा बोर्डाची गुणपत्रिका, तो कायद्यानं मूळ कागदासारखा धरतात. दुसऱ्या खणात आपण स्वतः फोटो काढून चढवलेले कागद. त्यांना ती किंमत नाही, ती नुसती झेरॉक्स. या खणाला एकूण जागा १ जीबी, एक फाईल १० एमबीपेक्षा मोठी चालत नाही, तीही पीडीएफ किंवा फोटोच. म्हणजे नुकसानीचे व्हिडिओ तिथं बसणार नाहीत.

जास्त जागा विकत मिळते. मी पाहिलं तेव्हा गूगलची १०० जीबी महिन्याला १३० रुपयांना होती. गटानं वाटून घेतली तर माणशी १२ रुपयेसुद्धा नाही. आम्ही चर्चा केली आणि घेतली नाही. पैसे भरायचे थांबले की पुन्हा १५ जीबीवर येणार आणि भरायची आठवण कोण ठेवणार, यावरच बैठक अडली.

आणि मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे? आपल्याकडं नद्यांना पूर होता त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबर २०२५ ला, दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळं आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी फाईली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न ठेवता ‘जी-ड्राईव्ह’ नावाच्या सरकारी क्लाऊडवरच ठेवायच्या, असा नियम होता. प्रत्येकाला ३० जीबी जागा. ते सगळं जळालं, ८५८ टीबी. आपल्या १५ जीबीच्या सत्तावन्न हजार खात्यांएवढं. दुसरीकडं प्रत नव्हती, कारण काय तर एवढ्या मोठ्या मालाची दुसरी प्रत ठेवणं जमत नव्हतं म्हणे. जगाला मोबाईल विकणारा देश तो.

आमच्या गटानं डिसेंबरानंतर काय बदललं ते सांगतो. गटाच्या खात्याचा पासवर्ड बदलला, तो आता तिघांकडंच आहे, आणि ते खातं कुणाच्याही व्हॉट्सअॅपला जोडायचं नाही असं ठरलं. पोराचा आठ जीबीचा बॅकअप त्याच्या समोरच काढला, आधी त्याच्या स्वतःच्या खात्यावर नवा घेऊन. बाकीच्यांनी आपापलं खातं ठेवायचं आणि गटाच्या फोल्डरमध्ये तिथूनच फाईल टाकायची. अशी टाकलेली फाईल ज्यानं टाकली त्याच्या १५ जीबीत मोजली जाते, गटाच्या नाही, हा फायदा. आधारची झेरॉक्स असलेलं फोल्डर ‘लिंक असेल त्या कुणालाही’ असं उघडं होतं, तेही बंद केलं.

एक ६४ जीबीचा पेनड्राईव्ह घेतला. दर हंगामाला त्यात सगळं उतरवून काढायचं. तो आमच्या घरी सातबाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत असतो, बायको म्हणते दागिन्यांपेक्षा त्याचीच चौकशी जास्त. पेनड्राईव्हही मरतो हे माहीत आहे, म्हणून ड्राईव्हवरचं काढलेलं नाही.

काकांच्या दुसऱ्या गट नंबरचे सहा फोटो आम्ही माजलगावला जाऊन छापून आणले. प्रत्येकाच्या मागं तारीख आणि गट नंबर पेनानं लिहिला, काकांनी सही केली आणि अर्जाला जोडले. अर्जाची पोच मिळालीय. ती काकांच्या मोबाईलमध्ये आहे, ड्राईव्हवर आहे, आणि कागद पेटीत.